किलोभर पाला, नऊ रुग्ण

सातवीणीची साल, काडेचिराईत, गुळवेल, कडुनिंब. हिवतापावर घरोघरी सुचवल्या जाणाऱ्या झाडांची यादी आपल्याकडे बरीच लांब आहे, आणि ती झटकून टाकण्यासारखी मुळीच नाही. हिवतापावरची दोन सर्वांत मोठी औषधं झाडांतूनच आली. सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन पेल्तिए आणि काव्हांतू यांनी १८२० साली पॅरिसमध्ये वेगळं केलं, तर आर्टेमिसिया ॲन्युआच्या पाल्यातलं आर्टेमिसिनिन १९७२ साली बीजिंगमध्ये हाती आलं. पण द्रव्य झाडात सापडलं की औषध झालं, असं होत नाही. प्रत्येक रुग्णाच्या रक्तात, प्रत्येक वेळी, तेवढंच द्रव्य पोहोचावं यासाठी मधे खूप काम असतं आणि त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून आर्टेमिसियाचंच उदाहरण धरून बियाण्यापासून गोळीपर्यंत जाऊ.

आधी १९७१. चीनमध्ये २३ मे १९६७ रोजी सुरू झालेल्या ‘प्रकल्प ५२३’ मध्ये शेकडो शास्त्रज्ञ हिवतापावर औषध शोधत होते. त्यांतल्या शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटानं जुन्या ग्रंथांतले सुमारे २,००० पाठ जमवले आणि २०० च्या आसपास वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. आर्टेमिसियाचा अर्क एकदा चांगला गुण दाखवायचा, पुढच्या वेळी काहीच नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथातला पाठ पुन्हा वाचताना लक्षात आलं, की त्यात काढा नाहीच. मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितला आहे. तू यांनी उकळणं बंद केलं आणि सुमारे ३५ अंशांनाच उकळणारं ईथर द्रावक म्हणून घेतलं. निघालेल्या अर्काचे आम्लधर्मी आणि उदासीन असे दोन भाग केले. आम्लधर्मी भागात गुण नव्हता आणि विषारीपणा होता, तो टाकून दिला. उदासीन भागाचा १९१ क्रमांकाचा नमुना ४ ऑक्टोबर १९७१ रोजी उंदरांमध्ये शंभर टक्के परिणामकारक ठरला, नंतर माकडांमध्येही.

‘उष्णतेनं द्रव्य नष्ट होत होतं’ एवढंच सांगून ही गोष्ट सहसा संपवली जाते. ते अर्धंच खरं आहे. आर्टेमिसिनिनचे शुद्ध स्फटिक १५६–१५७ अंशांना वितळतात आणि कोरडे असताना उष्णतेला बऱ्यापैकी तग धरतात. काढ्यात खरी अडचण पाण्याची असते. थंड पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅमसुद्धा आर्टेमिसिनिन विरघळत नाही. उकळल्यावर थोडं अधिक उतरतं, पण पाल्यातल्या इतर घटकांच्या सोबतीनं गरम पाण्यात ते टिकतही नाही. म्हणजे आधी उतरतं कमी आणि उतरलेलंही घटत जातं. ईथरनं दोन्ही प्रश्न एकदम सोडवले.

आता पाल्याकडे वळू. आर्टेमिसिनिन पानभर पसरलेलं नसतं. पानाच्या आणि फुलाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात. साध्या भिंगातूनही त्या चकाकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. दहा पेशींची ही ग्रंथी. तिच्या वरच्या पेशी द्रव्य तयार करतात आणि बाहेरच्या आवरणाखालच्या पोकळीत साठवतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की पान कुटायची गरज फारशी नाही. द्रावक पृष्ठभागावरूनच द्रव्य धुऊन नेतो. अगदी बारीक पूड केली तर आतलं हरितद्रव्य आणि मेण जास्त निघतं आणि पुढचं शुद्धीकरण अवघड होतं. भरड चुरा बरा. दुसरं, देठात आणि जाड काड्यांत जवळजवळ काहीच नसतं. वजन भरावं म्हणून काड्या मिसळलेला पाला घेतला, की सगळा हिशेब तिथेच कोसळतो.

बी अतिशय बारीक असतं, एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीत गाडायचं नाही. बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर पसरायचं आणि झारीनं नव्हे, तुषारांनी पाणी द्यायचं. चांगलं उत्पादन देणारं बियाणं संकरित असतं. त्याच पिकाचं बी पुढच्या वर्षी वापरलं तर रोपं सारखी निघत नाहीत आणि आर्टेमिसिनिनचं प्रमाण घसरतं. रानटी झाडात ते वाळलेल्या पाल्याच्या ०.०१ टक्क्यापासून पुढे काहीही असू शकतं. निवडक वाणांत ते १ टक्का किंवा थोडं वर जातं. लखनौच्या ‘सीमॅप’ (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) या संस्थेनं ‘जीवनरक्षा’ आणि ‘सिम-आरोग्य’ हे वाण भारतासाठी तयार केले.

महाराष्ट्रात हे पीक घ्यायचं म्हटलं तर दिवसाची लांबी आडवी येते. आर्टेमिसिया ॲन्युआ दिवस लहान झाला की फुलावर येते आणि ही सीमा साधारण साडेतेरा तासांची आहे. पुण्यात २१ जूनलासुद्धा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. म्हणजे रोपाला वाढायला वेळच मिळत नाही. गुडघ्याएवढं होतं न होतं तोच कळ्या धरतात. पाल्याचं वजन मिळत नाही. पूर्व आफ्रिकेत हाच प्रश्न उशिरा फुलणारे वाण आणि उंचावरची थंड जमीन निवडून सोडवला गेला. बियाणं विकत घेण्याआधी ते कुठल्या अक्षांशासाठी आहे हे विचारायलाच हवं. आपल्याकडचा जोतिबाला वाहिला जाणारा दवणा, म्हणजे आर्टेमिसिया पॅलन्स, हा याच कुळातला; पण तो सुगंधी तेलासाठीचा, हिवतापाच्या औषधासाठी त्याचा उपयोग नाही. चीनमध्येही नावाच्या सारखेपणानं असाच घोळ होता: दिसायला जवळची आर्टेमिसिया ॲपिआसिया वापरणाऱ्यांच्या हाती काही लागत नव्हतं.

कापणी कळ्या दिसू लागल्या की करायची. फुलं पूर्ण उमलेपर्यंत थांबलं तर खालची पानं गळतात आणि प्रमाणही उतरू लागतं. वाळवण्याबद्दल एक गैरसमज आहे, की जितक्या झटपट आणि थंडाव्यात वाळवू तितकं चांगलं. ताज्या पाल्यात आर्टेमिसिनिनच्या आधीची पायरी असलेलं डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्ल शिल्लक असतं. पाला वाळत असताना उजेड आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्यातलं काही आपोआप आर्टेमिसिनिनमध्ये बदलतं. म्हणूनच गोठवून वाळवलेल्या पाल्यात ते कमी भरतं आणि उन्हात किंवा सावलीत हळूहळू वाळलेल्या पाल्यात जास्त. नुकसान होतं ते ढीग करून ठेवल्यानं. ओला ढीग आतून तापतो, काळा पडतो, बुरशी धरतो. फांद्या कापून पातळ पसरायच्या, पानं हाताला कुरकुरीत लागली की झोडून काड्या वेगळ्या करायच्या. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आला की गोणीत भरायचं. हवाबंद प्लास्टिकमध्ये भरलं आणि थोडाजरी ओलावा उरला असेल तर आत पाणी सुटतं.

पाला प्रयोगशाळेत आला की प्रयोगासाठीचा क्रम साधारण असा. एक किलो भरड चुऱ्याला आठ-दहा लिटर हेक्झेन (पेट्रोलसारखा द्रावक), ३०–४० अंशांना, काही तास ढवळत. गाळून तोच चुरा पुन्हा दोनदा नव्या हेक्झेननं धुवायचा; पहिल्या धुण्यात बहुतांश द्रव्य येतं, पण उरलेलं सोडण्याइतकं कमी नसतं. हेक्झेन फार लवकर पेट घेतं. उघडी ज्योत, ठिणगी पडणारी साधी मोटर, खिडकी नसलेली खोली यांतलं काहीही चालणार नाही. कमी दाबाखाली ४०–४५ अंशांच्या आत द्रावक उडवला की तळाशी हिरवट, मेणचट, चिकट अर्क राहतो. नव्या माणसाला इथे आपण चुकलो असं वाटतं, पण तो तसाच दिसायला हवा. त्यात मेणच जास्त असतं. अर्क थोड्या हेक्झेनमध्ये घेऊन ॲसिटोनायट्राइलबरोबर हलवला की दोन थर होतात: मेण वरच्या हेक्झेनमध्ये राहतं आणि आर्टेमिसिनिन खालच्या थरात उतरतं. तो थर आटवून, सिलिका जेलच्या स्तंभातून काढून, शेवटी गरम इथेनॉलमध्ये विरघळवून सावकाश थंड होऊ द्यायचा. पांढरे सुईसारखे स्फटिक येतात. पिवळट तेल येऊन बसलं तर मेण पुरतं निघालेलं नाही. पुन्हा मागे जावं लागतं.

मोजणं हा या कामातला सर्वांत फसवा भाग. आर्टेमिसिनिन अतिनील प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. जे काही शोषण आहे ते २१० नॅनोमीटरच्या आसपास, जिथे पाल्यातली इतर कित्येक द्रव्यंही शोषतात. त्यामुळे साध्या वर्णपटमापकावर कच्च्या अर्काचं मोजमाप केलं तर आकडा भरपूर फुगतो. उपाय जुना आणि स्वस्त आहे. नमुन्याला ०.२ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड देऊन ५० अंशांवर अर्धा तास ठेवायचं, म्हणजे २९२ नॅनोमीटरला शोषणारं रूप तयार होतं. मग आम्ल दिलं की ते २६० नॅनोमीटरला शोषणाऱ्या स्थिर रूपात जातं आणि एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, स्वच्छ दिसतं. नुसतं ‘आहे की नाही’ पाहायचं असेल तर सिलिकाच्या पातळ थरावर हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटमध्ये चालवून ॲनिसाल्डिहाइड-गंधकाम्ल फवारायचं आणि तापवायचं. जांभळट-गुलाबी ठिपका उमटतो. शेजारी शुद्ध नमुन्याचा ठिपका हवाच, कारण पाल्यातले इतर टर्पीनही असेच रंगतात.

स्फटिक हाती आले म्हणजे औषध झालं असंही नाही. आर्टेमिसिनिन पाण्यात विरघळत नाही आणि तेलातही फारसं नाही. १९७३ साली चीनमध्ये त्याच्या गोळ्या रुग्णांना दिल्या तेव्हा अपेक्षित गुण आला नाही. शोध घेतल्यावर दिसलं, की गोळ्या पोटात नीट फुटतच नव्हत्या. तेच द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून दिल्यावर गुण आला. द्रव्य निरुपयोगी ठरवून काम थांबवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अस्वस्थ करतो.

पुढची पायरी रसायनाची. आर्टेमिसिनिनवर ०–५ अंशांना, मिथेनॉलमध्ये, सोडियम बोरोहायड्राइडची क्रिया केली की डायहायड्रोआर्टेमिसिनिन मिळतं. तापमान वर गेलं तर उत्पादन घसरतं. यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध शाबूत राहणं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण हिवतापाच्या परजीवीला मारतो तो हाच बंध. परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून सुटलेल्या हीममधलं लोह हा बंध तोडतं आणि तयार झालेले आक्रमक रेणू परजीवीच्याच प्रथिनांना जाऊन चिकटतात. डायहायड्रोआर्टेमिसिनिनपासून मिथेनॉलनं आर्टीमिथर, इथेनॉलनं आर्टीइथर आणि सक्सिनिक ॲनहायड्राइडनं आर्टेसुनेट होतं. पहिली दोन तेलात विरघळतात. लखनौच्याच ‘सीडीआरआय’नं (केंद्रीय औषध संशोधन संस्था) आर्टीइथरचं स्नायूत द्यायचं इंजेक्शन विकसित केलं. आर्टेसुनेट सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवून थेट शिरेत देता येतं आणि गंभीर हिवतापात आज तेच पहिलं औषध आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आशियातल्या मोठ्या चाचणीत क्विनीन घेतलेल्यांपैकी २२ टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के.

आता हिशेब करू. एक किलो पाला, ०.८ टक्के द्रव्य, म्हणजे ८ ग्रॅम. अर्क आणि शुद्धीकरणात पाऊण हिस्सा हाती आला तर ६ ग्रॅम. आर्टेसुनेटचा रेणू जड असल्यानं कागदावर त्याचे ८.२ ग्रॅम होतात. दोन्ही क्रियांत मिळून ७० टक्के उतारा धरला तर सुमारे ५.७ ग्रॅम. ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला किलोमागे ४ मिलिग्रॅमप्रमाणे तीन दिवसांत ६०० मिलिग्रॅम लागतं. किलोभर उत्तम पाला, नऊ रुग्ण. पाल्यात ०.१ टक्काच द्रव्य असेल तर एकच रुग्ण, आणि त्याच्यासाठीही तेवढंच हेक्झेन, तेवढीच वीज. वाणावर आणि काड्या काढण्यावर एवढा जोर का, ते यातून दिसतं. पेरणीपासून गोळीपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं, त्यामुळे भावही प्रचंड हेलकावतात. २००५ च्या सुमारास आर्टेमिसिनिनचा भाव किलोला १,००० डॉलरच्या पुढे गेला, सगळ्यांनी लागवड केली आणि २००७ पर्यंत तो २०० डॉलरच्या आसपास कोसळला. शेतकऱ्यांनी पीक सोडलं आणि मग पुन्हा तुटवडा. यीस्टमध्ये जनुकं घालून लिटरला २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल तयार करण्याची पद्धत २०१३ साली प्रसिद्ध झाली, पण स्वस्त पाल्यापुढे तिला बाजारात टिकणं कठीण गेलं.

मग एवढं सगळं करण्यापेक्षा पाल्याचा चहाच का नाही? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला आकड्यांत उत्तर आहे. ९ ग्रॅम पाल्याचा एक लिटर चहा मोजला तेव्हा त्यात ९४.५ मिलिग्रॅम आर्टेमिसिनिन भरलं, प्रौढाच्या दिवसाच्या मात्रेच्या साधारण १९ टक्के. काँगोमधल्या चाचणीत सात दिवस चहा घेतल्यावर सरासरी ७४ टक्के रुग्णांचं रक्त स्वच्छ झालं, क्विनीन घेतलेल्यांत ९१ टक्के. पण चहा घेतलेल्यांपैकी खूप जणांत परजीवी नंतर परत आला. कारण उघड आहे. जोरदार आजारात अंगात दहा हजार कोटींपासून लाख कोटीपर्यंत परजीवी असू शकतात. पूर्ण मात्रेतलं आर्टेसुनेट परजीवीच्या वाढीच्या ४८ तासांच्या प्रत्येक चक्रात ते सुमारे दहा हजार पटींनी कमी करतं. तीन दिवसांत दोन चक्रं सापडतात. उरलेले काही हजार परजीवी मारायला शरीरात दीर्घकाळ राहणारं दुसरं औषध लागतं, कारण आर्टेमिसिनिन वर्गाचं औषध काही तासांतच रक्तातून निघून जातं. म्हणून भारतात फाल्सिपॅरम या हिवतापाच्या सर्वांत घातक परजीवीसाठी आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, ईशान्येत आर्टीमिथरसोबत ल्युमेफॅन्ट्रिन दिलं जातं. पंचमांश मात्रेचा चहा ताप उतरवतो, रुग्णाला बरं वाटतं आणि चिवट परजीवी शिल्लक राहतात. कंबोडियात आणि आता रवांडा-युगांडात ‘केल्च १३’ जनुकातल्या बदलांमुळे या औषधांना लवकर दाद न देणारे परजीवी आहेतच. तापाच्या माणसाला चहा देऊन वाट बघणं मला कुठल्याही अंगानं समर्थनीय वाटत नाही. फाल्सिपॅरम मेंदूपर्यंत जायला दोन-तीन दिवस पुरतात.

आपल्या झाडांचं काय? सातवीण, कुटकी, काडेचिराईत यांचे अर्क आणि सागरगोट्याची पूड मिळून ‘आयुष-६४’ तयार झालं ते हिवतापासाठीच. वायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीच्या रुग्णांत क्लोरोक्विनशी तुलना झाली तेव्हा क्लोरोक्विननं सगळे बरे झाले आणि आयुष-६४ नं जवळपास निम्मे. माझ्या मते हा निकाल लपवण्यासारखा नाही आणि फेकण्यासारखाही नाही. पाठातल्या कुठल्या घटकामुळे निम्मे बरे झाले, हे शोधणं हे पुढचं काम.

ते शोधताना तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिलं, झाडाची ओळख. नमुना दाबून, वाळवून, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणासारख्या ठिकाणी ओळख पटवून त्याचा क्रमांक घेतल्याशिवाय अर्क काढू नये. दुसरं, सॅपोनिन, म्हणजे झाडातली फेस आणणारी द्रव्यं. फाल्सिपॅरम ओ गटाच्या तांबड्या पेशींत वाढवून, १ टक्का संसर्ग आणि २ टक्के पेशींच्या प्रमाणात अर्क दिला आणि ४८ तासांनी परजीवी नाहीसे झाले, म्हणून आनंद होतो. पण रिठ्यासारखे फेसाळणारे अर्क तांबड्या पेशीच फोडतात. परजीवीला राहायला घरच उरत नाही. म्हणून परजीवी नसलेल्या पेशींवर तोच अर्क बाजूला चालवायचाच. टॅनिन प्रथिनांना धरून असंच फसवतं, आणि द्रावक म्हणून वापरलेलं डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर गेलं तर तेही. तिसरं, मात्रेचा अर्थ. कच्च्या अर्कानं निम्मे परजीवी मारायला मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी लागत असेल तर पुढे जावं. ५० च्या वर असेल तर ते झाड सोडावं, मग त्याची ख्याती कितीही असो. आणि माणसाच्या पेशींना मारणारी मात्रा याच्या किमान दहापट हवी, नाहीतर आपण विष मोजतो आहोत.

इथून पुढे अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा परजीवीवर तपासायचा, ज्या भागात गुण आहे तोच पुढे न्यायचा. मग उंदीर: पहिल्या दिवशी उंदरांत वाढणाऱ्या प्लाझ्मोडियम बर्घेई या हिवतापाच्या परजीवीची लागण, ओळीनं चार दिवस औषध, पाचव्या दिवशी रक्ताची काच. माणसांवरच्या चाचणीत मात्र सातव्या दिवशीच्या स्वच्छ काचेवर थांबायचं नाही, किमान २८ दिवस रक्त तपासत राहायचं. फाल्सिपॅरमचा परजीवी परत दिसला तर तो जुनाच उरलेला की नव्या डासाचा, हे पहिल्या दिवशीच्या रक्ताशी जनुकं ताडून ठरवायचं. त्यासाठी पहिल्या दिवशी गाळणकागदावर घेतलेला रक्ताचा थेंब कोरडा आणि जपून ठेवलेला असावा लागतो, आणि घाईत नेमका तोच राहून जातो.